कळंबोलीच्या पोरांचा पट कोणी पुसला?



हल्लीं कचेऱ्यांतून एक नवें रडगाणें ऐकूं येतें. तें असें कीं, शहरांतल्या अंगणवाड्यांचा पट घटत चालला, आईबापांना इंग्रजी नर्सरीचें वेड लागलें, आणि जेथें पोरेंच नाहींत तेथें सेविका तरी कशाला नेमावी? ऐकणाऱ्यास हें खरें वाटतें. कळंबोलींत सकाळीं आठाच्या सुमारास नाक्यावर उभें राहिलें म्हणजे डोळ्यांनाहि तेंच दिसतें. गळ्यांत पाण्याची बाटली अडकवलेलीं, अर्धवट झोपेंतलीं चार वर्षांचीं पोरें रिक्षांत कोंबून चाललेलीं असतात. त्यांत हमालाचें पोर असतें, ट्रकवाल्याचें असतें, सुताराचें असतें, आणि ज्याच्या आज्याचें येथें भाताचें शेत होतें त्या आगऱ्याचेंहि असतें.

परंतु ताप आला म्हणून रोग्यालाच बोल लावणारा वैद्य आम्हांस ठाऊक नाहीं. पट घटणें हा ताप आहे. रोग कोठें आहे तें आज स्पष्ट सांगावयाचें आहे.

अंगणवाडी हा शब्द कोणा साहेबाच्या टेबलावर जन्मला नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी गांवीं लहान मुलांच्या शिक्षणाचें काम आरंभिलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. गरिबांचीं व आदिवासींचीं पोरें शाळेच्या दारापर्यंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्या बायांनीं पोरांच्या नांवानें शेरा मारून दप्तर मिटलें नाहीं. त्यांनीं शाळाच उचलून पोरांच्या अंगणांत नेली, म्हणून ती अंगणवाडी झाली. पट कमी पडला तर काय करावयाचें, याचें उत्तर ह्याप्रमाणें पाऊणशें वर्षांपूर्वीं मिळालेलें आहे. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज एकट्या महाराष्ट्रांत एक लाख दहा हजारांच्या घरांत अंगणवाड्या आहेत. पोषण, लस, आरोग्याची तपासणी, दवाखान्यांत पाठवणी, आयांना सल्ला आणि शाळेपूर्वीचें शिक्षण, हीं सहा कामें तिच्याकडे दिलीं.

आतां कळंबोलीचें अंगण कोठें गेलें, हें येथल्या जुन्या घरांस विचारा. १९७० सालीं सिडको उभी राहिली आणि ठाणें, पनवेल व उरणकडील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्यांत आल्या. शेतें गेलीं, मिठागरें गेलीं. रास्त मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं लोक उठले. १९८४ च्या जानेवारींत उरणकडे जासईच्या बाजूस गोळीबार झाला व पांच जण प्राणास मुकले. त्या रक्ताच्या मोलानें पुढें साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. ज्या जमिनी गेल्या त्यांवर आज लोखंड-पोलादाचा बाजार आहे, द्रुतगती मार्गाचें तोंड आहे, गोदामें आहेत. लोखंडाच्या पट्ट्यांना येथें एकरांनीं जागा मिळाली. तीन वर्षांच्या पोराला मात्र भाड्याच्या खोलींत नाहीं तर समाजमंदिराच्या कोपऱ्यांत बसवावें लागतें. जमीन सिडकोनें घेतलेली, गांवाचा कारभार १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेचा, आणि अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची! तीन घरचा पाहुणा उपाशी, त्यांतली ही गत.

शिवाय पोरें मोजलीं कोणी? सरकारी माप असें आहे कीं, चारशें ते आठशें वस्तीला एक अंगणवाडी असावी. दहा हजारांच्या वस्तीला बारा-तेरा झाल्या. परंतु शेवटची जनगणना २०११ सालची. २०२१ ची झाली नाहीं, ती २०२७ वर ढकलली गेली. मधल्या काळांत कळंबोलीच्या भोंवतीं किती इमारती व किती झोपड्या वाढल्या, हें शेंबडें पोरहि सांगेल. वस्ती मोजावयाची नाहीं, अंगणवाडी वाढवावयाची नाहीं, आणि आहे तिचा पट कमी म्हणून गळा काढावयाचा, हा कोठला न्याय?

आतां सेविकेकडे पाहूं. एक सेविका व एक मदतनीस, एवढाच हा संसार. पोरें जमवा, खाऊ वाटा, वजनें व उंची घ्या, गरोदर बायांच्या व ओल्या बाळंतिणींच्या घरीं जा, लशीच्या दिवशीं आया गोळा करा. २०२१ च्या मार्चांत पोषण ट्रॅकर आला व हें सारें मोबाईलांत भरण्याचें काम वाढलें. दिलेले मोबाईल इतके निकृष्ट निघाले कीं त्याच वर्षीं सेविकांनीं ते सरकारास परत करण्याचें आंदोलन केलें. २०२४ सालीं लाडकी बहीण योजना निघाली, तिचे अर्ज भरण्याचें कामहि ह्यांच्याच गळ्यांत पडलें. २०२५ च्या जुलैपासून शिधा देतांना आईचा चेहरा मोबाईलला ओळखूं आला पाहिजे, असा नियम झाला. एवढें सारें करून जो वेळ उरेल त्यांत पोरांना शिकवावयाचें!

गल्लोगल्लीं रोज असें बोलणें होतें. कोणी आजी विचारते, "ताई, नातवाला आज काय शिकवलंस ग?" सेविका सांगते, "काकी, आज वजनांचा दिवस होता. उद्यां माहिती भरायची आहे. परवां बघते." आजी कांहीं बोलत नाहीं. घरीं जाऊन सुनेला म्हणते, "नर्सरींत घाल बाई." पट असा घटतो, बांधवहो! त्यांत आजीचा दोष नाहीं आणि ताईचाहि नाहीं.

आणि ह्या सेविकेला मिळतें काय? मानधन! पगार हा शब्दच सरकारच्या तोंडांतून निघत नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरापासून केंद्रानें सेविकेस ४,५०० व मदतनिसास २,२५० रुपये ठरविले. राज्याची भर धरून २०२३ च्या एप्रिलापासून ते १०,००० व ५,५०० झाले. म्हणजे सेविकेस दिवसाला ३३३ आणि मदतनिसास १८३ रुपये. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यांतल्या सेविका पन्नास दिवसांवर संपावर राहिल्या, तेव्हां पुढें २०२४ सालीं आणखी वाढ जाहीर झाली, आणि तिचाहि एक भाग प्रोत्साहन भत्ता म्हणून कामाच्या अटीला बांधला. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणें ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे. ज्या बाईनें जन्मभर दुसऱ्यांचीं पोरें सांभाळलीं, तिला म्हातारपणाचा घांस मिळवण्यास दिल्लीपर्यंत जावें लागावें!

म्हणून चक्र कसें फिरतें तें नीट ध्यानांत घ्या. सेविका निवृत्त झाली वा सोडून गेली कीं जागा रिकामी राहते. शेजारच्या सेविकेकडे दोन्हीं अंगणवाड्या येतात. एक दिवस हें दार उघडें, एक दिवस तें. बंद दारावरून आई दोनदां परत फिरली कीं तिसऱ्यांदा येत नाहीं. पट पडतो. पट पडला म्हणून जागा भरण्याची घाई राहत नाहीं. जागा भरली नाहीं म्हणून पट आणखी पडतो. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पांत सेविका व मदतनिसांच्या वीस हजार जागा भरण्याची घोषणा झाली. एवढ्या जागा तोंवर रिकाम्या होत्या, ही सरकारच्याच तोंडची कबुली! आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

माणूस वाढवलें तर काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. तामिळनाडूंत कांहीं अंगणवाड्यांतून केवळ शिकवण्यासाठीं एक अर्धवेळ बाई ज्यादा नेमून पाहिली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें कीं, शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषेची व गणिताची समज वाढली, आणि जुन्या सेविकेस पोषणाकडे पाहण्यास सवड मिळाल्यामुळें मुलांची खुरटहि कमी झाली. जादू कांहीं नाहीं. दोन हातांचें काम चार हातांनीं केलें, एवढेंच.

येथें आम्हांला आमच्या जोतीरावांची आठवण होते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं रोखठोक मांडलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. शिक्षकहि असा द्या कीं ज्याला वेळीं नांगराची मूठ अथवा सुताराचा वाकस हातांत धरण्याची लाज वाटणार नाहीं, आणि त्याला पगार चांगला द्या. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला व पोर न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेविला. आज गल्लींतलीच बाई सेविका होते. ती तुमचीच लेक, तुमचीच सून. जोतीरावांना हवी होती तशी आपल्या घरांतली शिक्षिका मिळाली खरी. पण ती आपल्या घरांतली निघतांच तिचा पगार मानधन झाला, नोकरी सेवा झाली, आणि तिच्यापुढें बसलेलें पोर विद्यार्थी न राहतां लाभार्थी झालें! लाभार्थ्याला जें पडेल तें पदरांत घ्यावें लागतें. विद्यार्थ्याला गुरुजी मागण्याचा हक्क असतो. सारा डाव ह्या एका शब्दांत आहे.

कायद्यानेंहि हीच मखलाशी केली. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचें धोरण सांगितलें होतें. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनें सहा ते चौदा वयास हक्क दिला. सहाच्या आंतलीं पोरें सरकारच्या प्रयत्नांच्या खात्यांत ठेविलीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तीन वर्षांपुढच्या मुलांसाठीं सरकारला सोय "करतां येईल" म्हटलें, करावीच लागेल असें म्हटलें नाहीं. २०२० च्या शिक्षण धोरणांत मात्र तींच वर्षें सर्व शिक्षणाचा पाया म्हणून गौरविलीं आहेत. पाया महत्त्वाचा, पण गवंड्याला मजुरी नाहीं!

कोणी म्हणेल, सेविकांना शिकवतां येत नाहीं. कांहीं ठिकाणीं हें खरें आहे, आम्ही झांकून ठेवीत नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत "पोषण भी पढाई भी" म्हणून केंद्रानें रोज निदान दोन तास शिकवण्याचें ठरविलें व सेविकांस शिक्षण देण्याचें कबूल केलें. तर मग ते दोन तास तिला मोकळे द्या, आणि नंतर तिची परीक्षा घ्या. कोणी म्हणेल, पैसा नाहीं. २०१७ सालीं पोराच्या रोजच्या आहारास आठ रुपये ठरविले; तेवढ्यांत कळंबोलीच्या नाक्यावर अर्धा वडापाव येत नाहीं. ज्या मुलखांत बंदरांना, विमानतळाला व मार्गांना हजारों कोटी सांपडतात, तेथें पैसा नाहीं हें आम्ही कसें मानावें?

आतां चार शब्द आपल्याच माणसांस. हमालीच्या व रिक्षाच्या कमाईंतून नर्सरीची फी भरतां, प्रसंगीं कर्ज काढतां, आणि पोर घरीं येऊन इंग्रजी फळांचीं नांवें म्हणतें म्हणून हुरळतां. जें फळ त्यानें खाल्लें नाहीं, त्याचें नांव परभाषेंत पाठ झाल्यानें तो शहाणा कसा होईल? ह्या वयांत पोरानें आपल्या बोलींत बोलावें, मातींत खेळावें, गाणीं म्हणावींत. दुसरें, एकाच पोराचें नांव दोन पटांवर ठेवूं नका. शिध्यासाठीं अंगणवाडींत नांव आणि बसावयास नर्सरींत, असें केलें म्हणजे कागदावर सर्व आबाद दिसतें आणि तुमच्या मागणीचा पायाच उखडतो.

तेव्हां करावयाचें काय? आपापल्या गल्लींतलीं सहा वर्षांच्या आंतलीं पोरें मोजा. जेथें अंगणवाडी नाहीं अशा झोपडवस्तींत वा खेड्यांत चाळीस पोरें निघालीं, तर १३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणें मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आंत अंगणवाडी मिळण्याचा तुमचा अधिकार आहे. अर्ज लेखी करा, पोंच घ्या. जेथें जागा रिकामी आहे तेथें ती किती दिवस रिकामी आहे, हें २००५ च्या माहिती अधिकारानें विचारा. सिडकोला व महापालिकेला जागा मागा. सेविका संपावर बसली तर तिला बोल लावण्याऐवजीं तिच्याजवळ जाऊन बसा. ती तुमच्याच पोरांसाठीं भांडते आहे.

ज्या गांवानें आपलीं शेतें देऊन शहर उभें केलें, त्या गांवच्या पोरांना त्या शहरांत एक उघडें दार, एक धड खोली आणि एक पगारी शिक्षिका मिळूं नये काय? हें भीक म्हणून मागूं नका. जमीन देऊन त्याची किंमत कधींच चुकती केली आहे. आतां माल ताब्यांत घ्यावयाचा तेवढा राहिला आहे.