हिंदी महासागर ट्यूना आयोग

हिंदी महासागर ट्यूना आयोग ही हिंदी महासागरातील ट्यूना (मराठीत कुपा) व तत्सम माशांच्या साठ्यांचे व्यवस्थापन व संवर्धन करणारी आंतरशासकीय संस्था आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली झालेला तिचा स्थापना-करार १९९६ साली अमलात आला. मुख्यालय सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथे असून भारत आयोगाचा सदस्य आहे. आयोगाच्या अखत्यारीतील १६ जातींत कोकणात परिचित असलेली सुरमईही येते.

कुपा दूरवर स्थलांतर करतो. राष्ट्रांच्या २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रांच्या सीमा त्याला ठाऊक नसतात. एका देशाने राखलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार असेल, तर राखण्याची इच्छा कोणालाच उरत नाही. म्हणूनच १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारातील ६४ व्या कलमाने अशा माशांबाबत सहकार्य बंधनकारक केले.

आयोगाचे बंधनकारक ठराव दोन-तृतीयांश बहुमताने संमत होतात. परंतु १२० दिवसांत आक्षेप नोंदविणाऱ्या सदस्यावर ते लागू होत नाहीत. आयोगाची खरी दुर्बलता येथेच आहे. पिवळ्या परांच्या कुप्याचा साठा प्रमाणाबाहेर घटल्याचे २०१५ साली आढळले आणि पुढील वर्षी पकड कमी करण्याची योजना स्वीकारली गेली. २०२१ च्या सुधारित योजनेवर मात्र भारत, इंडोनेशिया, ओमान आदी देशांनी आक्षेप घेतले. दूरदेशीच्या अवजड जहाजांनी घटविलेल्या साठ्याची किंमत लहान होड्यांच्या मच्छीमारांनी का मोजावी, हा किनारी राष्ट्रांचा प्रश्न रास्त आहे. तथापि आक्षेपाचे शस्त्र दुसऱ्या बाजूलाही उपलब्ध आहे. मासे जमविण्यासाठी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तराफ्यांवर दरवर्षी ७२ दिवसांची बंदी घालणारा ठराव फेब्रुवारी २०२३ मध्ये मोम्बासा येथे संमत झाला. युरोपीय संघासह अनेक सदस्यांच्या आक्षेपांमुळे तो अमलातच आला नाही.

मोठा मासेमारी ताफा बाळगणारा तैवान तर अन्न व कृषी संघटनेबाहेर असल्याने आयोगाचा सदस्यही होऊ शकत नाही.

२०२४ च्या मूल्यमापनात पिवळ्या परांच्या कुप्याची स्थिती सुधारलेली दिसली. मात्र अनेक देशांत लहान होड्यांच्या पकडीची नोंद अपुरी असल्याने तेथील आकडे अंदाजानेच भरले जातात.