लिंबूटिंबूंचा कैवार

पाळीपाळीने खेळायच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमांच्या जाणकारांत एक समज घट्ट रुतून बसला आहे : वरच्या काठिण्यपातळीवर जो खेळला तोच खेळला, खालच्या पातळीवरच्याने नुसती गोष्ट पाहिली. हा समज उद्धट तर आहेच. पण आमचा मुख्य आक्षेप असा की तो या खेळांच्या स्वरूपाशीच विसंगत आहे.

धावपळीच्या खेळात काठिण्य बोटांच्या चपळाईवर बेतता येते. पाळीच्या खेळात घड्याळ थांबलेले असते. तिथे अवघड असतो तो विचार : नियमांची जाण, पुढच्या चार खेळ्यांचा अंदाज, साधनांची काटकसर. 'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) या खेळाच्या 'टॅक्टिशियन' पातळीवर शत्रूचा जीव ३० टक्क्यांनी वाढतो. त्याने काही लढाया कसदार होतात हे खरे. पण तीन पाळ्यांत पडणारा शत्रू त्याच युक्तीने चौथ्या पाळीत पडत असेल, तर वाढली ती लढाईची लांबी, काठिण्य नव्हे. याउलट त्याच खेळाच्या 'ऑनर' प्रकारात बडे शत्रू स्वतःची पाळी नसतानाही उलटू शकतात. जुनी युक्ती मोडून नवी रचावी लागते. काठिण्य म्हणायचे ते याला. तेव्हा 'वरची पातळी' म्हणजे अधिक विचार, हे समीकरण मुळातच कच्चे आहे.

आता मरणाचा मुद्दा. जपानी 'फायर एम्ब्लेम' मालिकेत १९९० सालच्या पहिल्या खेळापासून रणात पडलेला सोबती कायमचा गेला, असा दंडक होता. २०१० साली जपानात निघालेल्या भागात 'कॅज्युअल' पर्याय आला : पडलेला सोबती पुढच्या प्रकरणात पुन्हा उभा. यामुळे मरणाचे मोल संपले, अशी ओरड सनातनी आजही करतात. आमचा प्रश्न साधा आहे. सोबती पडताच प्रकरण पुसून पहिल्यापासून मांडणारे कितीतरी खेळाडू त्या दंडकाखालीच वाढले; त्यांनी मरणाचे मोल कधी मोजले? त्यांनी मोजला तो निव्वळ वेळ. ज्याने तो वियोग खरोखर सोसून पुढचा डाव मांडला, त्याला या दंडकाने काही अपूर्व दिले, हे आम्ही मान्य करतो. पण ते त्याला आजही मिळते. शेजाऱ्याने दुसरा पर्याय निवडल्याने त्याच्या वियोगाचे वजन मासाभरही घटत नाही.

आपल्या अंगणातल्या खेळांना हे शहाणपण केव्हाच सुचले होते. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेत. तो पळे, लपे, ओरडे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. त्याने मोठ्यांचा खेळ बाटला असे कोणी म्हटले नाही, आणि त्याला धावायला अर्धेच अंगण दिले नाही. मग 'बॉल्डर्स गेट ३'च्या 'एक्स्प्लोरर' या सर्वांत सोप्या पातळीवर पात्राला दोन पेशांचा मिलाफ करण्याची मुभा का नसावी? शत्रू दुबळा करणे ही सवलत; खेळाडूच्या हातातला पर्याय काढून घेणे हा अधिक्षेप. 'ऑनर' जिंकणाऱ्याला सोनेरी फासा मिळतो, तो खुशाल मिळो. त्यासाठी दुसऱ्याचे अंगण आखडण्याचे कारण नाही.

शिवाय पातळी सगळ्यांना सारखी लागू होते, हाही भ्रमच. हा खेळ मराठीत नाही. प्रत्येक मंत्राची, प्रत्येक शस्त्राची अट इंग्रजीत वाचून, मनात उलगडून डाव मांडणारा आपल्याकडचा खेळाडू निवडीच्या पडद्यावर पोचण्याआधीच एक पातळी चढून आलेला असतो. त्याची नोंद कुठलाही पडदा घेत नाही.

सबब आमची मागणी अशी : पातळी ही माणसाची इयत्ता नव्हे. शत्रू किती बलवान, मरण कायमचे की नाही, डाव जतन करण्याची मुभा किती, हे प्रश्न सुटे सुटे विचारावेत, आणि खेळाडूने निदान एक लढाई खेळून झाल्यावर विचारावेत. 'फायर एम्ब्लेम : अवेकनिंग'ने (२०१२) शत्रूचे बळ आणि सोबत्याचे मरण हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये २०२३च्या अखेरीस आलेल्या 'कस्टम' प्रकाराने आणखी कितीतरी प्रश्न सुटे केले. कारागिरांना जे उमगले ते जाणकारांना उमगायला इतका उशीर का व्हावा, हे मात्र आम्हांला अद्याप उलगडलेले नाही.