औषध आहे, आधार हवा

फेब्रुवारी २००१मध्ये ‘सिप्ला’ या भारतीय कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार आफ्रिकेतील रुग्णांसाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना तेव्हा १० हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. १ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने महाराष्ट्रासह काही राज्यांत ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. भारतीयांनी अभिमान बाळगावा, असाच हा इतिहास आहे. परंतु गोळी स्वस्त झाली म्हणजे ती रुग्णाच्या पोटात गेलीच, असे नव्हे.

हा विषाणू शरीरातून समूळ जात नाही. गोळी रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घेतली तर रक्तातील त्याचे प्रमाण चाचणीत सापडू नये इतके खाली येते. ते तसेच टिकले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. वारंवार खंड पडला, की विषाणू पुन्हा बळावतो आणि औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो.

खंड पडण्यामागे प्रत्येक वेळी रुग्णाची बेफिकिरी नसते. ऊसतोडीला निघालेले कुटुंब कित्येक महिने गावाबाहेर राहते; नोंदणीचे एआरटी केंद्र मागेच राहते. त्याहून मोठा अडसर लोकलज्जेचा. गोळ्यांची बाटली धान्याच्या डब्यात लपवणारी सून घरात पाहुणे आले की त्या दिवशीची गोळीच चुकवते. पतीकडून रोग आलेल्या अशा स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवणारा समाज स्वतःला संस्कारी म्हणवतो, हा केवढा दैवदुर्विलास!

संयम आणि एकनिष्ठा ही मूल्ये रोग टाळण्यासाठी मोलाची आहेतच. मात्र आजारी माणसाला दूर लोटण्यासाठी त्यांचा आधार घेणे हा त्या मूल्यांचाच अवमान होय.

स्थलांतरितांना काही महिन्यांची औषधे एकदम मिळावीत आणि साठा कधीही खंडित होऊ नये, हे शासनाचे कर्तव्य. २०२२मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत धरणे धरावे लागले; तसे पुन्हा घडता कामा नये. २०१७च्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचारांतील भेदभावास मनाई केली आहे. पण कायदा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. तेथे समरसतेचीच कसोटी लागते. ज्या घरात सून सर्वांदेखत गोळी घेऊ शकेल आणि सासू तिच्या हाती पाण्याचा पेला देईल, ते घर त्या कसोटीस उतरले म्हणायचे.