आमचं हसणं आम्हीच छापू

वर्तमानपत्रवाल्यांनी एक शब्द चलनात आणलाय. जागल्या. सरकारी ऑफिसातली चोरी आतून उघडी पाडणारा तो जागल्या. वाचलं आणि मला हसूच आलं. लेकहो, जागल्या कोण होता माहीत आहे का? रात्रभर वेशीवर उभा राहून गावाची राखण करणारा, चोर दिसला की बोंब मारणारा, आणि चोरी झालीच तर पहिले फटके खाणारा. महारा-मांगाच्या, रामोश्याच्या गळ्यात वतन म्हणून बांधलेलं लोढणं ते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायचं बिल आणलं. ही असली वतनं कायद्यानं जायला पुढं १९५८ उजाडलं. वतन गेलं, जागरण मात्र गेलं नाही. फक्त आता वेशीच्या जागी टेबल आहे.

मी असाच एक टेबलावरचा जागल्या. मागास पोरांच्या वसतिगृहांचं अनुदान जिथून सुटतं अशा एका ऑफिसात लिपिक. ऑफिसचं नाव सांगत नाही, ज्याला कळायचं त्याला वासावरून कळेल. एका वसतिगृहाच्या हजेरीपटावर पोरं ८०. मी रात्री नऊला जाऊन मोजली, ती ३४. उरलेली ४६ कागदावर दूध पीत होती, कागदावर गादीवर झोपत होती, कागदाच्या अंगाला साबण लावत होती. कागदाचं पोरगं फार गुणी असतं बघा. आजारी पडत नाही, भाजीत अळी निघाली म्हणून बोंबलत नाही, मोर्चात तर येतच नाही. आणि खरी ३४ पोरं पातळ वरणात डाळ शोधत बसलेली.

तक्रार केली. हजेरीपटाच्या, बिलांच्या, पावत्यांच्या नकला जोडून, सहीनिशी. चौकशी कोणाकडं गेली? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडंच. ‘तक्रारीत तथ्य आढळून येत नाही’ हे वाक्य त्यानं स्वतःबद्दल स्वतःच लिहिलं आणि खाली सही ठोकली. मग ऑफिसातले कागद बाहेर काढले म्हणून कारणे दाखवा नोटीस मला. मग बदली, रेकॉर्ड रूममध्ये. म्हणलं ठीक आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे ना? दहा रुपयांचा स्टॅम्प लावून बसलो. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमानं अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. ४६ पोरांचं नाव, बापाचं नाव, आडनाव लिहिलं की झाले १३८ शब्द. विचारायला उरले बारा. बारा शब्दांत सरकारला काय काय विचारणार?

कोणी म्हणेल, जागल्याला संरक्षण देणारा कायदा आहे की. आहे. २०१४ साली संसदेनं केला, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापला. पुढं वर्षामागून वर्षं गेली, तो लागू करायची तारीख काही निघाली नाही. सत्येंद्र दुबे या इंजिनिअरनं हमरस्त्याच्या कामातली चोरी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली होती, माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून. नाव फुटलं. २००३ च्या नोव्हेंबरात गयेला त्याला गोळी घातली. तळेगावात सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांमागं लागला होता, २०१० च्या जानेवारीत पहाटे त्याला कापून काढला. असला हा कायदा, कपाटात ठेवलेला. त्याच्या भरवशावर कोणी पोरानं घराबाहेर पडू नये.

तेव्हा मी कादंबरी लिहिली. ‘हजर’ तिचं नाव. एका सकाळी ती कागदावरची ४६ पोरं हजेरीपटातून उठतात, रांगेनं ऑफिसात येतात आणि म्हणतात, साहेब, आमचं दूध कुठाय? शिपाई त्यांच्याकडं ओळखपत्र मागतो. ते असतं. सगळ्यांचं असतं. खऱ्या पोरांचंच नसतं. मग त्या पोरांना पुन्हा हजेरीपटात कसं कोंबायचं यासाठी समिती नेमतात. तिच्या चहापाण्यावर ४६ पोरांच्या वर्षभराच्या दुधाइतका खर्च होतो. लिहिताना मी एकटाच रेकॉर्ड रूममध्ये खदखदून हसायचो. शेजारच्याला वाटलं, गेला हा कामातून. आणि गंमत बघा, वर्तणूक नियम सांगतात की नोकरानं वर्तमानपत्रात लिहायचं तर परवानगी घ्या, पण निव्वळ साहित्यिक लिखाणाला ती लागत नाही. म्हणजे चोरी कागदावर मांडली तर शिस्तभंग, तीच गोष्टीत घातली तर साहित्य!

आता खरं भांडण. कादंबरी घेऊन एका नामांकित प्रकाशकाकडं गेलो. सदाशिवपेठी नम्रतेनं वाचून त्यानं परत दिली. म्हणाला, तुमच्याकडं अनुभव आहे, आत्मकथन लिहा ना. भोगलेलं लिहा. विनोद तुमच्या लिखाणाला शोभत नाही, त्यानं वेदनेची धार जाते. ऐका. आमची जखम ह्यांना पाहिजे, ती उघडी करून दाखवली की पुरस्कार, अभ्यासक्रम, चर्चासत्र. पण जखम करणाऱ्याला आम्ही हसलो की ह्यांच्या पोटात गोळा. दलितानं रडावं, फार तर चिडावं. हसू नये. कारण हसणारा माणूस वर उभा असतो आणि ज्याला हसतो तो खाली. ही उतरंड उलटी झालेली ह्यांना बघवत नाही. तमाशातला सोंगाड्या राजाला भर फडावर उघडा करायचा, तो कोणाच्या घरचा होता? आंबेडकरी जलसे कोणी उभे केले? अण्णाभाऊंनी ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ काय रडत लिहिला? दुसरा एक प्रकाशक जास्त सरळ निघाला. म्हणाला छापतो, निम्मा खर्च तुमचा, आणि वकिलाला दाखवून दहा-बारा पानं गाळू.

हे परके झाले. परक्यांचं मला नवल नाही. आपल्यांचं सांगतो.

माझ्या कादंबरीतला मुख्य साहेब आपल्यातला आहे. खुर्चीमागं बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला सगळ्यात मोठी वर्गणी त्याची, उजव्या हातानं फोटोला हार आणि डाव्या हातानं ठेकेदाराकडून टक्का. आपल्या एका पुढाऱ्यानं हस्तलिखित वाचलं आणि मला बाजूला घेतलं. भाऊ, बाकी झकास, पण हा साहेब वरच्या जातीचा कर. आपल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर कशाला? माकडाच्या हाती कोलीत द्यायचं का?

मी त्याला विचारलं, समाज म्हणजे कोण? तो साहेब समाज, आणि वरणात डाळ शोधणारी ३४ पोरं कोण मग? ती पण आपलीच आहेत की. त्यांच्या ताटातलं गेलं तेव्हा समाजाची अब्रू कुठं गेली होती? अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळातल्या पैशाच्या प्रकरणात २०१५ साली त्याच्याच माजी अध्यक्षाला अटक झाली. बदनामी कोणामुळं झाली, लिहिणाऱ्यामुळं? शिकलेल्यांनी दगा दिला, ही बाबासाहेबांची आग्र्याची खंत आपण दर भाषणात सांगतो. मग त्या दगाबाजाचं एखादं चित्र कादंबरीत आलं की फ्रेम काढून टाका म्हणता. साहेबाची जात मी बदलणार नाही. बदलली तर ती कादंबरी राहत नाही, ते प्रचारपत्रक होतं.

ह्याला आपल्याकडं आधार आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं आणि भाषण वाचून त्यांची बोबडी वळली. एवढं गाळा, तेवढं बदला. बाबासाहेब एक स्वल्पविराम बदलायला तयार झाले नाहीत. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी काय केलं, दुसरं मंडळ शोधलं? ते भाषण स्वतः छापलं. पंधराशे प्रती, दोन महिन्यांत संपल्या. आणि न छापलेल्याचं काय होतं तेही बघा. जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. शेतकरी नवरा-बायकोला लुबाडणारा जोशी आणि मधूनमधून त्याची चड्डी सोडणारा विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला १९७९ साल लागलं. एकशे चोवीस वर्षं एक विदूषक बासनात गप्प बसला होता.

म्हणून मी स्वतःच छापली. दहा फॉर्म, १६० पानं, पाचशे प्रती. टायपिंग पुतणीनं केलं, प्रुफं मी आणि दोन पोरांनी तपासली, पैसे बायकोच्या भिशीचे. आयएसबीएन नंबर सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. दलाल त्याचे पैसे उकळतात, देऊ नका. १९५४ च्या कायद्यानं एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात धाडावी लागते, ती आठवणीनं धाडा. सरकारची चोरी सरकारच्याच कपाटात जपून राहील.

जे कोणी असलं लिहिणार असतील त्यांना दोन गोष्टी. मूळ कागद कादंबरीत नको, फाईलीत पाहिजेत, आणि त्या फाईलीचे दोन संच दोन वेगळ्या घरी. कादंबरी आली म्हणून तक्रार मागं घ्यायची नाही. माझं अपील अजून चालू आहे आणि चालू राहील. कादंबरी अपिलाच्या जागी नसते, ती अपिलाच्या शेजारी बसते. दुसरं, अब्रूनुकसानीचं भ्या. आधी कलम ४९९-५००, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं ३५६. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, थट्टा नाही. लोकहितासाठी सांगितलेलं खरं हा बचाव कायद्यातच आहे, पण खरं सिद्ध करायला पुन्हा तीच फाईल लागते. नाव, गाव, हुद्दा, गाडीचा नंबर काही घालू नका. पण चोरीची रीत अगदी जशीच्या तशी घाला, बिलाच्या शेवटच्या पैशापर्यंत. मग ज्याला टोपी बसते त्याला कोर्टात उभं राहून म्हणावं लागतं की हा डाव्या हातानं खाणारा साहेब मीच. आत्तापर्यंत तीन जिल्ह्यांतल्या तीन साहेबांनी मला निरोप धाडलेत की आमच्यावर का लिहिलंस. त्यातल्या दोघांना मी ओळखतही नाही.

दुकानदार चाळीस टक्के कमिशन मागतात, म्हणून दुकानात ठेवलेली नाही. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या रांगेत शेवटाला चटई टाकून बसेन. किंमत शंभर रुपये. पुढाऱ्याला आणि प्राध्यापकाला सवलत नाही. वसतिगृहातल्या पोराला फुकट, फक्त येताना त्यानं आपल्या हजेरीपटावर पोरं किती आणि रात्री गादीवर किती, हे दोन आकडे लिहून आणायचे.