आवर नावाची शक्ती

वाचकहो, भाषेच्या मास्तरला रोगांशी काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. पण एका शब्दाने मला अलीकडे छळले आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रतिकारशक्ती’. करोनाच्या साथीपासून तो घरोघर चहाबरोबर निघतो. त्यात प्रतिकार आहे, शक्ती आहे. आवर मात्र कोठेच नाही. आणि काही दुखण्यांत सारा घोटाळा आवराचाच असतो.

माझ्या धाकट्या बहिणीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचा एक प्रकार आहे. सकाळी बोटे अशी आखडतात की वेणीही दुसऱ्याने घालावी लागते. ‘तुझी प्रतिकारशक्ती कमी पडते, बाई,’ असे म्हणत येणारे-जाणारे काढे देतात. माया खरी, निदान उलटे. तिची शक्ती कमी नाही. ती तिच्याच सांध्यांवर धावून जाते आहे.

असे का व्हावे? रक्तातल्या टी पेशी हे शरीराचे शिपाई. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तेथे त्यांची तालीम होते, आणि स्वकीयांनाच शत्रू समजणारे बहुतेक तेथेच बाद होतात. बहुतेक, सगळे नव्हेत. मग निसटलेल्यांना आवरतो कोण?

जपानचे शिमोन साकागुची यांना याच प्रश्नाने पछाडले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिलाची थायमस काढली, तर शिपाई घटून संरक्षण दुबळे पडावे. प्रत्यक्षात ते पिसाळून स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडे! निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या की उत्पात टळे. म्हणजे शिपायांतच काही आवरणारेही होते. १९९५ मध्ये साकागुचींनी ते ओळखून दाखविले.

तिकडे अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल हे दोघे, कातडी खवल्याखवल्यांची होऊन काही आठवड्यांतच मरणाऱ्या नर उंदरांचे कोडे सोडवीत होते. शोधता शोधता संशयित जनुके उरली वीस. दोष निघाला नेमका विसाव्यात. त्याच जनुकाच्या दोषाने मुलग्यांनाही तसाच भीषण आजार होतो, हे २००१ मध्ये कळले. त्या जनुकाचे नाव फॉक्सपी३. आवरणाऱ्या पेशी घडतात त्या याच्याच हुकमाने, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

संधिवाताचे कारण इतके एकेरी नाही. अनेक जनुके, धूम्रपानासारखी निमित्ते, सारे मिळून तोल जातो. पण म्हणूनच डॉक्टर प्रतिकार शमविणारी औषधे देतात. आणि आपण मागच्या दाराने तो वाढविण्याची! २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृतविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रतिकार यकृतावर उलटल्याच्या खुणा त्यात दिसल्या, असे त्यांचे म्हणणे. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. तो वाद राहो बाजूला. पण काढा पुढे करण्यापूर्वी रोग्याच्या डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

तुमच्या घरीही असे कोणी असेल. या दिवाळीत त्या माणसाला ‘जरा नेट लाव’ म्हणू नका. नेट भरपूर आहे. आवर हवा आहे. तो काही आपल्याला देता येत नाही. पण चकलीचा सोऱ्या तरी त्या दुखऱ्या हातांतून आपल्याकडे घेता येईल ना?