बांधावरची बाभूळ कोणी लावली?

चाकणच्या बाजारांत कांदा घेऊन आलेल्या कोणाही शेतकऱ्यास विचारावें, ‘तुमच्या बांधावरची बाभूळ कोणी लावली?’ तर ‘आपोआप आली’ असें उत्तर मिळतें. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या आम्हांसही तें पुष्कळ वर्षें खरें वाटे. कारण सात-बारावर झाडाची नोंद होते, लावणाराची होत नाहीं.

वस्तुतः बाभूळ आपोआप येत नाहीं. उन्हाळ्यांत तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीनें खातात. शेंग पचते, परंतु कठीण कवचामुळें कित्येक बिया लेंडीबरोबर बाहेर पडतात. पोटांत कवच मऊ झालेलें असल्यानें पाऊस पडतांच त्या लवकर रुजतात. याच कारणानें रोपांसाठीं बाभळीचें बीं शेळ्यांच्या वाड्यांतून गोळा करण्याची वहिवाट आहे. आपण मेंढ्या शेतांत बसवितों त्या खतासाठीं. बीं फुकट मिळतें, तें हिशेबांत कोणी धरीत नाहीं. लिंबोळ्या कावळे-साळुंक्या नेतात. वड-पिंपळाचें बारीक बीं पाखरें व वटवाघळें वाहून नेतात. विहिरीच्या चिऱ्यांत पिंपळ उगवतो तो असाच!

हे माळी भलेंबुरें पाहत नाहींत, हेंही खरें. अमेरिकेंतून बागेच्या शोभेसाठीं आणलेली घाणेरी पाखरांनींच रानोमाळ नेली. आंब्यावरील बांडगुळाचें चिकट बीं चिमुकलें पाखरूं फांदीस पुसून जातें. यास्तव बांडगूळ फळण्यापूर्वीं फांदीसह छाटावें, आणि शेण नीट कुजल्यावांचून शेतांत घालूं नये. त्यांत तणाचें बीं जिवंत असतें. पण तेवढ्यासाठीं पाखरांवर राग धरणें आम्हांस पटत नाहीं.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला; पुढें कारखाने चाकणपर्यंत आले. जमिनी गेल्या, त्याबद्दल येथें लिहीत नाहीं. ज्या उरल्या, त्यांचे बांध मालक स्वतःच यंत्रानें खरवडून काढीत आहेत, याचें आम्हांस वाईट वाटतें. पाखरास बसावयास फांदीच नसेल तर बीं पडणार कोठें? मग पैसे देऊन रोपें आणावयाचीं आणि चैत्रांत तीं वाळलेलीं पाहावयाचीं. आमचें मत असें कीं, दर बांधावर एकदोन जुनीं झाडें व हात-दीड हात पट्टी न खरवडतां राखावी. सावलीनें कडेची एक सरी कमी पिकेल, तें सोसावें.

आमच्या बांधावर जुन्या बाभळीखालीं यंदा कडुलिंबाचीं तीन रोपें उगवलीं. त्यांस आम्हीं काटेरी फांद्यांचें कुंपण केलें आहे. शेजारी हसतात.