स्वयंपाकाची टाकी ट्रॅक्टरला लावू नका. पण सरकार, आम्हाला पर्याय तरी द्या!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

परवा आमच्या शेतकरी ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतला एक म्हातारा शेतकरी, त्याचा साठेक वर्षांचा ट्रॅक्टर, त्यावर गॅसची जाड गोल टाकी, आणि इंजिन एकदम गुळगुळीत चालतंय. खाली लिहिलेलं, "ते लोक आजोबांच्या काळापासून गॅसवर नांगरतात आणि आपण डिझेल जाळत बसलोय." संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ मला चार ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मिस्त्रीचा फोन.

"भाऊ, तुमना ट्रॅक्टरले गॅस बसाडी देऊ का? खर्च अर्धा व्हई जाई."

मी विचारलं, कोणता गॅस?

"घरनी टाकी!"

मी नाही म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, रात्रभर डोक्यात हिशोब चालूच होता. म्हणून हे लिहितोय.

आधी माझा ट्रॅक्टर सांगतो. १९९४ चा, ३५ हॉर्सपॉवरचा. नंबर अजून एमएच-१८, म्हणजे धुळ्याचा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, नंतर एमएच-३९ आलं, त्याआधीचा हा. वडिलांनी बँकेचं कर्ज काढून घेतला होता. घरची सहा एकर, वर शेजारपाजारची नांगरटी, रोटाव्हेटर, हंगामात केळी-पपईची आणि उसाची वाहतूक. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात असे जुने ट्रॅक्टर गावोगावी सापडतील. एचएमटीच्या कारखान्याला सरकारने २०१६ मध्येच कुलूप लावायचं ठरवलं, तरी त्यांचे ट्रॅक्टर अजून शेतात राबताहेत.

"नवा का घेत नाही?" असं शहरातले मित्र विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे चांगलंच झालं. पण पाच-सात लाखांच्या वस्तूवर सात टक्के वाचले म्हणून सहा एकरवाला हप्ता फेडू शकत नाही. मिरचीचा भाव एका वर्षी हसवतो, दुसऱ्या वर्षी रडवतो. हप्ता मात्र दर वर्षी तेवढाच. जुना ट्रॅक्टर गावातला मिस्त्री उघडतो, पाटा-पान्याने दुरुस्त होतो, आणि त्याचं कर्ज कधीच फिटलेलं असतं. आमच्यासाठी तो हौस नाही, विंटेज नाही, चालती पेन्शन आहे. त्याला खाणारी एकच गोष्ट आहे, डिझेल. नवापूरकडचे लोक भाव बघून सीमेपलीकडे गुजरातच्या पंपावर टाकी भरून येतात, ते काय फिरायला जातात का?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. तो व्हिडिओ खोटा नाही. अमेरिकेत मिनिआपोलिस-मोलाइन कंपनीने १९४१ च्या सुमारास कारखान्यातूनच गॅसचे ट्रॅक्टर द्यायला सुरुवात केली. साठच्या दशकातला जॉन डिअर ४०२० पेट्रोल, डिझेल आणि गॅस अशा तिन्ही प्रकारांत मिळायचा. टेक्सास-ओक्लाहोमासारख्या तेलविहिरींच्या मुलखात प्रोपेन स्वस्त होता आणि त्यांची बरीच इंजिनं मुळात स्पार्क प्लगची होती. पेट्रोलच्या जागी गॅस दिला, टाकी आणि व्हेपोरायझर त्या कामासाठीच बनवलेला बसवला, झालं. प्रोपेन न ठोकता जळतो, तेल काळं करत नाही, म्हणून ती इंजिनं टिकली.

आपला ट्रॅक्टर डिझेलचा. त्याला प्लगच नाही. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल फवारल्याबरोबर पेटतं. त्यात गॅस चालवायचा तर दोनच मार्ग. एक, इंजिनच प्लगचं करायचं, म्हणजे हेड-पिस्टनपर्यंत खर्च. दोन, थोडं डिझेल चालू ठेवून बाकी गॅस हवेबरोबर ओढू द्यायचा. मिस्त्री जे "बसाडी देऊ" म्हणतो ते हे दुसरं, आणि तेही नळी-चकतीचा जुगाड करून.

त्यात धोका कुठे आहे ते नीट समजून घ्या. ट्रॅक्टरचा गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करतो. हवेच्या पाइपात सोडलेल्या गॅसवर त्याचा ताबा नसतो. नांगर एकदम मोकळा झाला, लोड उतरला, की गव्हर्नर डिझेल तोडेल, पण गॅस येतच राहील. इंजिन आरपीएम सोडून पळतं. गॅस जास्त झाला तर ठोकतं, पिस्टन वितळतो. आणि गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड आहे, वर उडून जात नाही, शेडमध्ये जमिनीलगत साचतो. तिथेच बॅटरी, तिथेच सेल्फची ठिणगी.

गाडीची गॅसटाकी वेगळी असते. ती ८० टक्के भरली की आपोआप थांबते, तिला गाडीसाठीचे सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. घरची १४.२ किलोची लाल टाकी स्वयंपाकघरात उभी राहण्यासाठी बनवलीय. ती आडवी बांधून, मे महिन्याच्या ४३-४४ डिग्रीत, तापल्या इंजिनाशेजारी, ढेकळांवरून दणके खात चालवायची नसते. मागे ट्रॉलीत मजूर बसलेले असतात, ऊसतोडीच्या हंगामात त्यांची लेकरंही असतात. हे विसरू नका.

मग लोक मोहात का पडतात? हिशोब बघा. एका घरगुती टाकीत जेवढी उष्णता आहे तेवढी साधारण १८ लिटर डिझेलमध्ये असते. टाकी नऊशे धरा, डिझेल नव्वद धरा. नऊशेच्या समोर सोळाशेच्या वर. मिस्त्री अर्धा खर्च म्हणतो ते अगदीच हवेतलं नाही. पण ही उष्णतेची बेरीज झाली. गॅसबरोबर थोडं डिझेल जळतंच, आणि जुगाडात गॅस वाया जातो तो वेगळा. पिस्टन-लायनरचं एक काम निघालं की दोन वर्षांची बचत गेली. रेशनचं निळं रॉकेल डिझेलात मिसळायचे दिवस आठवा. लिटरमागे काही रुपये वाचायचे आणि मग पंप-नोझलचं बिल यायचं, कारण रॉकेलला डिझेलचं वंगण नसतं. आपण एकदा हात भाजून घेतलेत.

आणि ती टाकी स्वस्त का आहे, हेही विचारा. गॅस स्वस्त आहे म्हणून नाही. घरगुती गॅस कमी भावात विकल्याचा तोटा भरून काढायला केंद्राने तेल कंपन्यांना २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी मंजूर केले. तो पैसा चुलीसाठी आहे. आपल्याच जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उज्ज्वलाची शेगडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली दिसेल, कारण टाकी भरायला पैसे नाहीत आणि भरली तर डोंगर चढून न्यायची कशी हा प्रश्न. ती बाई पुन्हा लाकडाच्या धुरात बसते. तिच्या कार्डावर टाकी बुक करून माझ्या ट्रॅक्टरला लावायची? शेतकरी म्हणून मला सवलत हवीय, पण ती तिच्या शेगडीतून काढून नकोय.

कायदाही स्पष्ट आहे. घरगुती टाकी वाहनात वापरणं गुन्हा आहे. गाडीचं इंधन बदललं तर मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि आरसी बुकात नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करेल.

इथपर्यंत मी माझ्याच भावांना बोललो. आता सरकारला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये गडकरी साहेबांनी दिल्लीत डिझेलचा सीएनजी केलेला ट्रॅक्टर दाखवला. शेतकऱ्याचे वर्षाला लाखभर रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. त्याच वर्षी जुने ट्रॅक्टर सीएनजी, बायो-सीएनजी, एलएनजीवर नेण्यासाठीचे नियमही आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण माझ्या १९९४ च्या मॉडेलला कोणतं किट बसतं, कुठे बसतं, किती खर्च येतो, हे मला माझ्या तालुक्यात आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. एका कार्यालयात विचारायला गेलो तर "ऑनलाइन बघा" म्हणाले. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. उद्घाटनाला आमचा जिल्हा चालतो, पुढच्या कामाला "ऑनलाइन बघा"! कायद्याचा रस्ता कागदावर आणि जुगाडाचा मिस्त्री दारात. मग माणूस कुठे जाईल?

म्हणून चार साध्या मागण्या.

१) जुन्या ट्रॅक्टरची वयावरून भीती घालणं थांबवा. दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात, अशी अफवा फिरली तेव्हा केंद्रीय मंत्रालयानेच खुलासा केला होता की तसं काही नाही; पहिली नोंदणी १५ वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मग त्या नूतनीकरणाची शिबिरं धडगाव, मोलगी, तळोदा इथे घ्या. ट्रॅक्टर नंदुरबारला नेऊन आणायचं डिझेल आणि दिवस कोण देणार? ब्रेक, लाइट, हूक, मागचे रिफ्लेक्टर तपासा, कडक तपासा. वय नको, तब्येत बघा.

२) राहुरी विद्यापीठाने आणि आपल्या कृषी विज्ञान केंद्राने आमच्यातले दोन-तीन जुने ट्रॅक्टर घेऊन एक हंगाम मान्यताप्राप्त किटवर चालवावेत. तासाला किती डिझेल, किती गॅस, ताकद किती घटली, इंजिनाचं काय झालं, सगळं मराठीत छापून गावात लावा. फायदा नसेल तर तसंही सांगा. आम्ही ऐकू.

३) बायो-सीएनजीचा पहिला पंप शहरात नको, साखर कारखान्याच्या गेटवर हवा. केंद्राची सतत योजना १ ऑक्टोबर २०१८ पासून आहे आणि कारखान्याच्या प्रेसमडपासून हा गॅस बनतो. पुरुषोत्तमनगर घ्या, डोकारे घ्या. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रोज तिथेच रिकामे होतात. गावोगावी पंप लागत नाहीत, एक गेट पुरतं. ज्या ट्रॅक्टरने ऊस आणला तोच उसाच्या मळीमातीच्या गॅसवर घरी जाईल. जिल्ह्यात यापेक्षा सोपी सुरुवात मला तरी दिसत नाही.

४) जुगाड करणाऱ्या मिस्त्रीवर नुसती धाड टाकू नका, त्याला प्रशिक्षण द्या. आयटीआयमध्ये महिनाभराचा कोर्स, परवाना, मान्य किट. तो पोटासाठीच करतोय. आणि खरं सांगू? आमच्या इंजिनाची नस त्याच्याइतकी कुठल्याच अधिकाऱ्याला माहीत नाही.

मी त्या मिस्त्रीला परत फोन केला. म्हटलं, टाकी नको, पण नोझल टेस्ट करून दे, एअर फिल्टर बदल, टायरची हवा बघ. काळा धूर सोडणारा ट्रॅक्टर अर्धवट जळालेलं डिझेलच बाहेर फेकत असतो. गिअर एक वर, आरपीएम खाली, हलक्या कामाला एवढं केलं तरी फरक पडतो. अर्धा खर्च वाचणार नाही, पण जे वाचेल ते खरं वाचेल.

वडील सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे दात बघून वय ओळखायचे. ते म्हणायचे, वय ओळखून उपयोग नाही, चालवून बघ. ट्रॅक्टरचंही तेच आहे.

तुमच्या गावात कुणी घरगुती टाकी लावून ट्रॅक्टर चालवत असेल तर त्याची तक्रार करण्याआधी त्याला हे वाचून दाखवा. आणि मान्य किट बसवून रीतसर नोंद केलेला कुणी शेतकरी आपल्या जिल्ह्यात असेल, तर कमेंटमध्ये खरा अनुभव लिहा. खर्चासकट. मी स्वतः येऊन बघेन.